सोलापूरच्या हवेत साबणाचे मोठाले फुगे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुट्टी लागली की गल्लीतली पोरं बादली आणि दोन काठ्या घेऊन बाहेर पडतात आणि पाठोपाठ आई-बाबांचे, आजी-आजोबांचे प्रश्न सुरू होतात. दरवर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली आहेत. एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मोठा फुगा जमत नाही तेव्हा सगळे साबणाला नावं ठेवतात, पण दोष बहुतेक वेळा दोरीचा किंवा हवेचा असतो. दोरीच्या बाबतीत आपलं गाव नशीबवान आहे, हवेच्या बाबतीत तेवढं नाही. त्यामुळे खाली या दोन गोष्टींवरच जास्त लिहिलं आहे.

मोठा फुगा म्हणजे नेमका केवढा?

सात-आठ वर्षांच्या मुलाला दोन काठ्यांच्या दोरीने स्वतःच्या उंचीएवढा फुगा सहज काढता येतो. मोठ्या माणसाने लांब काठ्या घेतल्या आणि हवा बरी असली तर रिक्षाएवढा फुगाही निघतो. जागतिक विक्रम विचाराल तर २०१५ साली अमेरिकेत क्लीव्हलंडला गॅरी पर्लमन यांनी सोडलेल्या फुग्याचं घनफळ ९६.२७ घनमीटर भरलं होतं. म्हणजे आपल्या घरांतली एक बऱ्यापैकी मोठी खोली छतापर्यंत भरून वर थोडी उरेल. आपल्याला तिथवर जायचं नाही.

युट्यूबवर बघून तंतोतंत तसंच मिश्रण केलं, तरी फुगा हवेत गेला की लगेच फुटतो. काय चुकतंय?

तुमचं काही चुकत नाही, मे महिन्यातली दुपार चुकतेय. ते व्हिडिओ बहुतेक थंड, दमट हवेच्या देशांतले असतात. फुग्याची साल म्हणजे पाण्याचा अतिशय पातळ पापुद्रा, ज्याच्या दोन्ही अंगांना साबणाचे रेणू दाटीने उभे असतात. साबण पाण्याचा पृष्ठताण कमी करतो, म्हणून पाणी पसरून पापुद्रा होऊ शकतो. मधलं पाणी उडून गेलं की खेळ संपला. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारी पारा सर्रास चाळिशी ओलांडतो, एखाद्या वर्षी ४३-४४ पर्यंतही जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. अशा हवेत दोरीवरचं वाळत घातलेलं फडकं जर पाच-दहा मिनिटांत कडक होत असेल, तर केसापेक्षाही कितीतरी बारीक पापुद्र्याची काय कथा?

त्यात भर धुळीची. धुळीचा कोरडा कण पापुद्र्याला टेकला की तिथून भोक पडतं. ओलं बोट फुग्यातून आरपार जातं आणि फुगा टिकतो, कोरडं बोट लागताच फुटतो. हे मुलांना एकदा करून दाखवा, कोरड्या हवेचं सगळं गणित त्यांना तिथेच कळतं.

मग सोलापुरात फुगे करायचेच कधी?

उन्हाळ्यात सकाळी साडेसहा ते साडेसात. ऊन अंगणात उतरण्याआधी. संध्याकाळी करायचं असेल तर सूर्य बुडाल्यावर, पण दिवसभर तापलेली फरशी तेव्हाही गरम असते आणि मे महिन्यात नेमका त्याच वेळी वावटळीचा भरवसा नसतो. वळवाचा पाऊस पडून गेल्यावरचा अर्धा-पाऊण तास मात्र सोडू नका. धूळ बसलेली, हवा ओलसर आणि बहुतेकदा वाराही पडलेला असतो.

जून-जुलैत हवा दमट असते, पण वारा फार. पावसाचे ढग आपल्यावरून नुसते पळत जातात आणि फुगेही त्यांच्याबरोबर. माझ्या मते इथला सगळ्यात चांगला काळ सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य. आपल्याकडे पावसाचा जोर सप्टेंबरातच असतो, त्यामुळे हवा जड, जमीन ओली, वारा मंद. त्या दिवसांत शाळा असते, हीच काय ती अडचण. जानेवारीत गड्डा यात्रेच्या आसपासची सकाळही चांगली, फक्त पोरांना स्वेटर घालून भिजत्या दोरीत हात घालावा लागतो.

कोणत्याही ऋतूत सुरू करायच्या आधी अंगणात सडा घाला. धूळ खाली बसते आणि जमिनीलगतची हवा थोडा वेळ ओलसर राहते. एवढ्यानेही फरक पडतो, करून बघा.

मिश्रणाचं प्रमाण सांगा.

१ लिटर पाणी, ५० मिली भांडी घासायचं लिक्विड, ३ ग्रॅम ग्वार गम म्हणजे गवारीच्या बियांच्या डिंकाची पावडर (चहाचा एक सपाट चमचा), १५ मिली ग्लिसरीन आणि अर्धा चमचा बेकिंग पावडर. मापासाठी औषधाच्या बाटलीचं मिलीच्या खुणा असलेलं टोपण उत्तम.

क्रम महत्त्वाचा. एका कोरड्या वाटीत ग्लिसरीन घ्या, त्यात ग्वार गम घालून बोटाने किंवा चमच्याने एकजीव करा. ही पेस्ट कोमट पाण्यात हळूहळू सोडत ढवळत राहा. मग पंधरा-वीस मिनिटं तसंच ठेवा, मध्ये मध्ये ढवळा. पाणी दाटसर, बुळबुळीत होईल. आता बेकिंग पावडर घाला; तिने मिश्रणाचा आम्ल-अल्क तोल सांभाळला जातो. सगळ्यात शेवटी लिक्विड घाला आणि तेव्हा मात्र अलगद ढवळा, फेस काढू नका. झाकून तासभर ठेवलं तर बरं, रात्रभर ठेवलं तर त्याहून बरं.

आपल्याकडच्या लिक्विडचा दाटपणा कंपनीगणिक वेगळा असतो. ५० मिलीने सुरुवात करा, पापुद्रा धरत नसेल तर ७० पर्यंत जा. त्यापुढे नुसता फेस वाढतो.

ग्वार गमची पावडर सरळ पाण्यात टाकली आणि गोळे झाले. आता?

गाळून घ्या, उरलेलं वापरा. गोळे वरून ओले आणि आतून कोरडे राहतात, कितीही ढवळलं तरी विरघळत नाहीत. म्हणूनच आधी ग्लिसरीन. पावडरीचा प्रत्येक कण त्यात सुटा होतो आणि मग पाण्यात फुगतो.

गवारीचा डिंक कशाला हवा? नुसत्या साबणाने होत नाही का?

छोटे फुगे होतात. मोठ्यांसाठी पापुद्र्याला ताणलं जाऊनही न तुटण्याची ताकद लागते आणि ती डिंकाच्या लांबच लांब रेणूंकडून येते. ते एकमेकांत गुंतलेले असतात, पापुद्रा ताणला की तेही ताणले जातात आणि मधलं पाणी भराभर खाली ओघळू देत नाहीत. अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. रेणू सगळे एकाच लांबीचे असण्यापेक्षा लहान-मोठे मिसळलेले असले तर पापुद्रा जास्त ताणला जातो, असं त्यांना दिसलं. आपलं वरचं प्रमाणही त्यांच्याच कृतीच्या अंगाने जाणारं आहे. त्यांच्या कृतीत स्पिरिटसुद्धा असतं, पण मुलांच्या हाताशी ज्वलनशील काही नको म्हणून मी ते वगळून ग्लिसरीन घेते.

गंमत अशी की जगात पिकणाऱ्या ग्वार गमचा बहुतांश भाग भारतातूनच जातो. कापडछपाईच्या रंगाला दाटपणा आणायलाही तो वापरतात, त्यामुळे कापडधंद्यातल्या माणसाला हे नाव नवीन नसतं. किरकोळ हवा असेल तर केक-बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानात छोटं पाकीट मिळतं. ग्लिसरीन कुठल्याही मेडिकलमध्ये.

ग्वार गम नाही मिळाला तर कॉर्नफ्लॉवर, साखर, शॅम्पू चालेल?

कॉर्नफ्लॉवर शिजवून घातलं तर मध्यम आकाराचे फुगे येतात, पण ते तळाशी बसतं, सारखं हलवावं लागतं. साखरेने पाणी जरा धरून ठेवलं जातं, पण हात चिकट होतात आणि मुंग्या येतात. शॅम्पूचं काही खरं नाही, कंडिशनरवाला असेल तर मुळीच नको. अंगाच्या किंवा कपड्यांच्या साबणाची वडी किसून घालायचा विचारही करू नका. का ते पुढच्या उत्तरात.

पाणी कुठलं घ्यायचं? आमच्याकडे बोअरचं आहे.

बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो, तोच कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचा. वडीचा साबण या क्षारांशी मिळून दह्यासारखी साय धरतो आणि कामाचा राहत नाही. भांड्याच्या लिक्विडला एवढा त्रास होत नाही, तरी मोठ्या फुग्यात फरक जाणवतो. नळाचं पाणी बरं, फिल्टरचं अजून बरं, आणि पावसाचं धरून ठेवलेलं असेल तर त्याला तोड नाही. गच्चीच्या पन्हाळीतून पहिला पाऊस वाहून जाऊ द्या, मग भांडं लावा.

इथे नळाला रोज पाणी येत नाही आणि तुम्ही पोरांना पाणी उडवायला सांगता?

ही तक्रार दर उन्हाळ्यात ऐकते आणि ती रास्तच आहे. म्हणून हिशोबच देते. एक मीटर व्यासाच्या फुग्याचं क्षेत्रफळ साधारण ३.१४ चौरस मीटर. पापुद्रा सरासरी एक मायक्रॉन, म्हणजे मिलीमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या, जाडीचा धरला तर त्यात पाणी भरतं जेमतेम ३ मिली. चहाचा चमचासुद्धा भरत नाही! खरं पाणी जातं ते ओघळण्यात आणि सांडण्यात. पसरट टब ठेवला, दोरी त्यावर क्षणभर निथळू दिली तर दोन लिटरमध्ये पाच-सहा मुलांची सकाळ निघते. सडा घालायला भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी घ्या, चांगलं पाणी नको.

दोरी कुठली?

आता मुद्द्याचं. दोरीचं काम पापुद्रा धरून ठेवणं एवढंच नाही, फुगा वाढत असताना त्याला सतत पाणी पुरवणं हेही आहे. म्हणून दोरीने पाणी भरपूर प्यायला हवं. नायलॉन, प्लास्टिक, पतंगाचा मांजा बाद. सुतळी पाणी पिते, पण तिची कुसळं बाहेर आलेली असतात. सुती दोरी हवी, जरा जाड, चार-पाच मिलीमीटरची, मऊ आणि सैल पिळाची.

सोलापुरात सूत शोधायला जावं लागत नाही. पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कोणाच्या तरी ओळखीचा टॉवेलचा नाहीतर चादरीचा कारखाना निघतोच आणि शिल्लक राहिलेल्या सुताचा कोन, एखादी लडी कोणी नाही म्हणत नाही. आठ-दहा पदर एकत्र घेऊन सैल तिपेडी वेणी घाला. झाली दोरी. ओळख नसेल तर पायजम्याचा सुती नाडा घ्या, तोही फर्मास चालतो. फक्त पॉलिस्टरचा चकचकीत नाडा देतात तो घेऊ नका.

पण कोरं सूत आणलं तसं वापरलं की ते पाणीच पीत नाही, वर तरंगतं. कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा थर असतो आणि ताण्याचं, म्हणजे मागावर उभं ताणायचं, सूत असेल तर विणताना तुटू नये म्हणून त्यावर खळही चढवलेली असते (सायझिंग). नवा टॉवेल पहिल्या दोन-चार धुण्यांपर्यंत अंग पुसत नाही, नुसता फिरतो, त्याला असाच एखादा थर कारण असतो. तेव्हा वेणी घालायच्या आधी सूत मोठ्या पातेल्यात चमचाभर धुण्याचा सोडा टाकून अर्धा तास उकळा (हे काम मोठ्यांचं), मग दोन पाण्यांतून खळबळून काढा. कसोटी सोपी आहे: सुताचं एक टोक पाण्यावर अलगद सोडा. लगेच भिजून बुडालं तर तयार, तरंगत राहिलं तर परत उकळायला.

हे एवढं केलं की साध्या मिश्रणाचेही फुगे दुप्पट मोठे निघाल्यासारखे वाटतात. महागडं लिक्विड आणण्याआधी दोरी उकळा, असं मी प्रत्येकाला सांगते.

काठ्यांची कांडी कशी बांधायची?

दोन काठ्या, दोन दोऱ्या, एक लोखंडी वॉशर. मुलांसाठी काठ्या ६० सेंटीमीटर, मोठ्यांसाठी ९०. बुरुडाकडून बांबूच्या सरळ कामट्या आणा, टोकं आणि कडा पॉलिश पेपरने घासून घ्या, बांबूची कूस फार वाईट लागते. दोन्ही काठ्यांच्या टोकाला एक खाच पाडा म्हणजे गाठ सरकणार नाही.

वरची दोरी सात-आठ वर्षांच्या मुलासाठी ४० सेंटीमीटर: एक टोक या काठीला, दुसरं त्या काठीला. खालची दोरी तिच्या दुप्पट, ८० सेंटीमीटर, तिच्यात वॉशर ओवून तीही त्याच दोन टोकांना बांधा. काठ्या फाकवल्या की वॉशरच्या वजनाने खालची दोरी लोंबते आणि त्रिकोण उघडतो. बांधताना गाठी लहान ठेवा, दोरीची शेपटं कापून टाका. लोंबणारं शेपूट पापुद्र्यात शिरलं की फुगा तिथेच संपतो. मोठ्यांची कांडी करताना हेच प्रमाण वाढवत न्या, पण वरची दोरी एक मीटरच्या पुढे गेली की हात भरून येतात.

कडब्याच्या धाटाच्या काठ्या करायची कल्पना मुलांना हमखास सुचते. हलकी असतात, हाताशीही असतात, पण भिजली की चिरतात आणि त्या कडा बोटं कापतात. नको.

तीन-चार वर्षांच्या मुलांना दोन काठ्या झेपत नाहीत. त्यांच्यासाठी?

जुनी प्लास्टिकची बांगडी. तिच्यावर सुताचे वेढे जवळ जवळ गुंडाळा आणि आइस्क्रीमच्या काडीला नाहीतर चमच्याला घट्ट बांधा. सुतामुळे ती एका बुडवणीत दहा-बारा फुगे देते, नुसती बांगडी दोन-तीनच देते. काचेची बांगडी अर्थातच नको.

चहाची जुनी गाळणी, भज्यांचा झारा, तळ कापलेली बाटली हेही आहेच. बाटलीच्या कापलेल्या तळाकडे जुन्या टॉवेलचा तुकडा रबराने बसवा, तो मिश्रणात बुडवून बाटलीच्या तोंडातून फुंका, फेसाचा लांबलचक साप निघतो. दोन-तीन वर्षांची मुलं फुंकायच्या ऐवजी ओढतात, त्यांना बाटली देऊ नका. स्ट्रॉ द्यायची झाली तर वरच्या बाजूला सुईने एक भोक पाडा म्हणजे ओढलं तरी मिश्रण तोंडापर्यंत चढत नाही.

सगळं तयार आहे. आता फुगा काढायचा कसा?

दोन्ही काठ्या जुळवून दोरी पूर्ण बुडवा. पहिल्यांदा तर मिनिटभर राहू द्या, बोटाने दाबून हवा काढा. बाहेर काढताना काठ्या जुळलेल्याच ठेवा आणि टबावर क्षणभर निथळू द्या. मग वाऱ्याकडे पाठ करा, हात वर न्या आणि काठ्या हळूहळू फाकवा. वारा अगदीच नसेल तर एक-एक पाऊल मागे सरका. फुगा हवा तेवढा झाला की काठ्या पुन्हा जुळवा, तो दोरीवरून सुटतो.

पोरांना पळत सुटावंसं वाटतं. पळाल्याने पापुद्रा फाटतो. हे दहा वेळा सांगून समजत नाही, एकदा हळू चालून मोठा फुगा निघाला की समजतं. आणि काठ्या जुळवायची घाई नको, तशीच अति वाटही बघायची नाही. ओढत राहिलं की लांब नळी होते आणि मधूनच तुटते.

पापुद्राच धरत नाही, उघडताच फुटतो.

आधी दोरी बघा: कुठे कोरडी राहिली आहे का, धूळ-काडी चिकटली आहे का. मग टबावरचा फेस बघा. फेसाचे बारीक बुडबुडे दोरीला चिकटून आले की मोठा पापुद्रा तिथे तुटतो, फेस वाटीने काढून टाका. हाताला तेल लागलंय का तेही बघा. केसांना तेल चोपडून आलेल्या, नाहीतर शेंगाचटणी-भाकरी खाऊन तसेच आलेल्या मुलांचे हात आधी धुवा, तेलाचा थेंब पापुद्र्याचा वैरी. एवढं करून जमेना तर थोडं लिक्विड वाढवा. मिश्रण तारेसारखं ओघळत असेल आणि फुगा जड होऊन खाली बसत असेल तर डिंक जास्त झालाय, पाणी घाला.

चौकोनी कांडी केली तर चौकोनी फुगा येईल का?

नाही. सुटताना जरा वेडावाकडा असतो, पण पापुद्रा कायम आपलं क्षेत्रफळ कमीत कमी करायला बघतो आणि ठरावीक हवा सगळ्यात कमी क्षेत्रफळात मावते ती गोलात.

मात्र सोबतीला फुगे असले की आकार बदलतात. ताटलीत थोडं मिश्रण घेऊन स्ट्रॉने चार-पाच फुगे शेजारी शेजारी काढा. तीन पापुद्रे जिथे मिळतात तिथे त्यांच्यात १२० अंशांचा कोन होतो, दर वेळी. जोसेफ प्लॅटो या बेल्जियन शास्त्रज्ञाने हे नियम मांडले आणि १८७३ मध्ये आपलं सगळं काम प्रसिद्ध केलं. त्याची दृष्टी त्याआधी कितीतरी वर्षं गेलेली होती. प्रयोग तो सुचवायचा, बघायचं काम घरची माणसं आणि सहकारी करायचे. मुलांना हे सांगितलं की ती डोळे मिटून फुगे काढायला लागतात, तेव्हा टब सांभाळा.

घरात करण्यासारखा एखादा प्रयोग?

माझा आवडता: तारेचं एक वाटोळं कडं करा. बारीक सुताच्या तुकड्याची टोकं जोडून लहान फास करा आणि तो एका धाग्याने कड्याच्या मधोमध सैल लोंबता बांधा. कडं मिश्रणात बुडवून काढा. सुताचा फास पापुद्र्यावर वेडावाकडा तरंगत राहील. आता फासाच्या आतला पापुद्रा कोरड्या काडीने फोडा. क्षणात सूत ताणलं जाऊन अचूक वर्तुळ होतं, कंपासने काढावं तसं. बाहेरचा पापुद्रा सगळीकडून सारख्याच जोराने ओढतो आणि आतून ओढणारं कोणी उरलेलं नसतं. पृष्ठताण शिकवायला याहून सोपं साधन माझ्या माहितीत नाही.

फुग्यावर रंग कुठून येतात? आणि रंगपंचमीला रंगीत फुगे करता येतील का?

पापुद्र्याच्या बाहेरच्या आणि आतल्या अशा दोन्ही पृष्ठभागांवरून प्रकाश परततो, ते दोन किरण एकमेकांत मिसळतात. जाडीनुसार काही रंग उठून दिसतात, काही मरतात. पाणी खाली ओघळत असल्यामुळे वरचा भाग पातळ होत जातो, म्हणून रंगांचे पट्टे सरकताना दिसतात. वरच्या टोकाला रंग जाऊन काळपट डाग दिसू लागला की समजा पापुद्रा प्रकाशाच्या तरंगलांबीच्याही मानाने फार पातळ झालाय आणि फुगा आता फुटणार. मुलांना हे एकदा कळलं की त्यांच्यात पैज लागते, कोणाचा फुगा कधी जाईल याची.

मिश्रणात रंग घातल्याने फुगा रंगीत होत नाही. एवढ्या पातळ थरात रंग दिसण्याइतका मावतच नाही. कपडे मात्र रंगतात. त्यापेक्षा वाटीत मिश्रण आणि खाण्याचा रंग घेऊन स्ट्रॉने फेस वर आणा आणि त्यावर ड्रॉइंगचा कागद टेकवा, फुग्यांचे सुंदर ठसे उठतात.

मुलाला फुग्याच्या आत उभं करतात ते घरी जमेल?

जमतं, पण मिश्रण जास्त लागतं. इलेक्ट्रिकच्या पीव्हीसी पाइपचं मुलाच्या खांद्यापेक्षा मोठं कडं करा, त्यावर जुन्या टॉवेलची पट्टी गुंडाळा, पसरट टबात बुडवा. मधोमध विटेवर मूल उभं करा (पाट घेऊ नका, घसरतो), डोळे-तोंड मिटायला सांगा आणि दोघांनी दोन्हीकडून कडं एकदम सरळ वर उचला. कोरड्या हवेत हे फारसं जमत नाही. सप्टेंबरची वाट बघा.

आम्ही लहानपणी मोगली एरंडाच्या चिकाचे फुगे काढायचो. ते आता का नको?

पानाचा देठ मोडून, त्याच्या मोडलेल्या जागी धरलेल्या चिकाच्या पापुद्र्यावर फुंकर घालायची, हो ना? बांधावरच्या कुंपणाला ती झाडं असायचीच. फुगे खरंच सुरेख येतात, पण मोगली एरंड विषारी आहे, विशेषतः बिया. चीक डोळ्यांत गेला तर जळजळ होते. दाखवायचं असेल तर मोठ्यांनी स्वतः करून दाखवावं, तोंडाजवळ मुलांना देऊ नये आणि नंतर हात धुवावेत.

रिठ्याचं पाणीही काही जण विचारतात. फेस छान, फुगे लहान. ग्वार गम घातला तर थोडे मोठे. पण डोळ्यांत गेलं तर लिक्विडइतकंच झोंबतं.

घसरणं, डोळ्यांत जाणं, याचं काय?

शहाबादी फरशीवर, टाइल्सवर अजिबात करू नका. ओली फरशी आणि साबण, डोकं फुटायला एवढं पुरे. मातीचं अंगण, गवत किंवा मैदान. मुलं अनवाणी किंवा खाचांच्या तळव्याच्या चपलेत.

डोळ्यांत गेलं तर चोळू न देता स्वच्छ पाण्याची धार काही मिनिटं सोडा. लाली, दुखणं राहिलं तर डॉक्टरांकडे. चुकून घोटभर प्यायलं तर चूळ भरायला लावा, उलटी काढायला लावू नका, आणि डॉक्टरांना विचारा. कातडी नाजूक असलेल्या मुलांचे हात मधून मधून साध्या पाण्याने धुवा. विजेच्या तारांखाली लांब काठ्या नकोत.

कुठे करावं?

शाळेचं मैदान सकाळी रिकामं असतं, परवानगी घेऊन तिथे. बागेत करायचं तर पायवाटेपासून लांब. सिद्धेश्वर तलाव, कंबर तलाव, हिप्परगा यांच्या काठावर नको. पाण्याकडून येणारी हवा छान असते हे खरं, पण साबणाचं पाणी माशांना बाधतं. गच्चीवर करणार असाल तर आधी शेजारच्या गच्चीवर डोकवा. एप्रिलमध्ये कुरडया, पापड, सांडगे वाळत असतात आणि त्यावर साबणाचा एक थेंब पडला की पुढचं वर्षभर ऐकावं लागतं. गाड्यांजवळही नको, थेंब वाळून डाग पडतात.

उरलेलं मिश्रण किती दिवस टिकतं?

डिंकामुळे ते नासतं. उन्हाळ्यात बाहेर दोन-तीन दिवसांत वास येऊ लागतो, फ्रिजमध्ये आठवडाभर चालतं. सरबताच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही भरू नका, आणि बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहा. आंबूस वास आला, पातळ झालं की बाथरूमच्या मोरीत ओतून टाका.

आणि कांडी?

दोरी साध्या पाण्यात दोन-तीनदा पिळून काढा, सावलीत टांगून पूर्ण वाळू द्या. साबण दोरीतच वाळला तर ती कडक होते आणि पुढच्या वेळी भिजायला कुरकुर करते. वॉशरला गंज चढतो, तो पुसून खोबरेल तेल लावायचा मोह आवरा. तेल दोरीत उतरलं तर दोरीच बदलावी लागेल.